अक्कांनी घर सोडावं का?

टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा होता. कपाट चढलं, पलंग चढला, मुलीची सायकल दोरीने बांधून झाली, आणि आई मात्र सामानाकडे बघतही नव्हती. तिचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. मी पाया पडायला वाकलो तेव्हा तिने डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "साडेसातच्या आत पोच. पहिला टीव्ही लाव, बाकीचं मागनं. आज अक्का थोरल्याला काय बोलते ते बघायचं हाय."

एवढंच. रडणं नाही, मिठी नाही. सुजाता, माझी बायको, टेम्पोत बसल्यावर म्हणाली, "तुमच्या आईला काही वाटतच नाही का हो?" मी गप्प बसलो. गप्प बसणं आमच्या घरात वडिलोपार्जित आहे.

तुमच्यातले पुष्कळजण आपलं आगाशी गाव सोडून लांब गेलात. कोणी ठाण्याला, कोणी दुबईला, कोणी कॅनडात बर्फ उपसताय. मी गेलो एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटात. हसा खुशाल. स्कूटरवर पाऊण तास, फार तर तास. पण लांब गेलेल्या माणसाला विमानाचं तिकीट, रजा, व्हिसा अशी कारणं तरी असतात. माझ्याकडे कारण नव्हतं, म्हणून ती रोज नवी तयार करावी लागली. पुलावर ट्रॅफिक, मुलीची परीक्षा, सोसायटीची मीटिंग. दर रविवारी येईन म्हणालो होतो. वर्षभर गेलो. मग एक रविवार आड, मग सणाला, मग "बघतो."

राहिला तो फोन. आठला सिरियल संपली की आईचा फोन यायचा आणि पहिला शब्द ठरलेला, "बघितलंस?"

हे समजावून सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारीला टीव्हीचं वेड होतं. आमच्या घरात स्वतःबद्दल बोलणं बरं समजत नसत. वडील गेले तेव्हाही आई शेजाऱ्यांना 'केळीला पाणी द्यायचं राहिलं' एवढंच म्हणाली होती. पण सिरियलीतल्या माणसांबद्दल काहीही बोलता यायचं. अक्का म्हणजे आमच्या सिरियलीतली विधवा आई, तीन मुलगे, मोठी बाग. मालिकेला चांगलं लांबलचक नाव होतं, पण आमच्याकडे तिला 'अक्काची सिरियल' एवढंच म्हणत. आई म्हणायची, "अक्काचा गुडघा दुखतो, पण पोराला सांगत नाय. बरोबर करते. त्याला कामं असतात." मी म्हणायचो, "हो ना." पुढे दिवाळीला गेलो तर आई भिंत धरून चालत होती. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. खरं सांगायचं तर पडला होता. मी तो मालवला.

(आई घरात आमच्या वाडीच्या बोलीत बोलते. इथे मी ते सगळ्यांना कळेल इतपत सोपं करून लिहितोय. मीही ती बोली आता फोनवरच बोलतो, दार लावून.)

आता खरा गुन्हा. फ्लॅटमध्ये आल्यावर वर्ष-दोन वर्षांत मी सिरियली बघणं सोडलं. मुलगी कोरियन काहीतरी बघायची, सुजाता मोबाइलवर हिंदी वेब सिरीज. मी माणिकपूरच्या एका वकिलांच्या ऑफिसात कारकून. सातला सुटून, भाजी घेऊन घरी येईपर्यंत साडेसात होऊन जात आणि मला सोफ्यावर नुसतं पडून राहावंसं वाटे. पण आईला 'बघितली नाही' असं सांगायचं कसं? तेवढा एकच धागा होता. मग मी युक्ती काढली. मोबाइलवर भाग आधीच बघून झालेले लोक चॅनेलच्या पानावर प्रोमोखाली मतं लिहितात. शेकड्याने लिहितात. 'धाकट्या सुनेचा अभिनय ओढूनताणून.' 'किती पाणी घालणार, संपवा आता.' 'आजचा भाग बघून आईची आठवण आली.' रिक्षाच्या रांगेत उभ्या उभ्या मी ती वाचायचो, दोन-तीन निवडायचो, आणि आठ वाजता आईला आपली म्हणून ऐकवायचो.

आई खूश. फिलूमावशीला सांगायची, "आमच्या नंदूला सिरियलीतलं लय कळतं." फिलूमावशी म्हणजे पलीकडच्या वाडीतली फिलोमिना; संध्याकाळची रोझरीची प्रार्थना आटोपली की आमच्याकडे येऊन बसणारी आणि अक्काच्या प्रत्येक सुनेला वेगळी शिवी असलेली. फोनवर मागून तिचा आवाज यायचा. "त्याला विचार, त्या मधलीचं नाक खरं हाय का बसवलेलं?"

अशी किती वर्षं गेली! अक्काची सिरियल संपली, दुसऱ्या आल्या, गेल्या. मी उसन्या मतांवर मुलगा म्हणून पास होत राहिलो.

गेल्या वर्षी अक्काची सिरियल परत आली. दुसरं पर्व. आईच्या आवाजात मी इतका आनंद कधी ऐकला नव्हता. "तीच अक्का रे! केस पांढरे केलेत तिचे. पण बागेतल्या केळी प्लॅस्टिकच्या हायत, फिलूनं ओळखल्या." लोकांचं मत मात्र बरं नव्हतं. पहिल्या पर्वाची सर नाही, लेखक बदललेत, अक्का फार रडते. आईला मी त्यातलं सौम्य तेवढं सांगितलं.

मग तो आठवडा आला. सिरियलीत थोरला मुलगा म्हणतो, आई, बाग विकू, तू शहरात माझ्याकडे ये. अक्का तीन भाग नाही म्हणते आणि चौथ्या भागात पिशवी भरते. मतांच्या पानावर दंगल उसळली होती. त्या दिवशी मला उशीर झाला होता. सोसायटीच्या जिन्यातच फोन वाजला.

"बघितलंस?"

"बघितलं."

"काय वाटलं तुला? अक्कानं घर सोडलं, ते बरोबर केलं?"

ज्या मताला सगळ्यात जास्त लाइकचे अंगठे होते, ते मी म्हणून दाखवलं. "बरं झालं सोडलं. म्हाताऱ्या माणसांनी किती दिवस हट्ट धरून बसायचं? मुलांचा जीव टांगणीला लागतो."

पलीकडे साबणाची जाहिरात चालू होती. ती संपल्यावर आईने विचारलं,

"तुला असं वाटतं?"

"सगळ्यांनाच वाटतंय, आई."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मागून फिलूमावशीचा आवाज आला नव्हता. तेव्हा लक्षात आलं नाही, नंतर आलं.

पुढचे पंधरा-वीस दिवस आईचा फोन आलाच नाही. मीच करायचो. "सिरियल?" म्हटलं की "चाललीय," म्हणायची. मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो. रांगेत उभं राहून मतं वाचायचं काम वाचलं होतं.

मग एका दुपारी ऑफिसात फिलूमावशीचा फोन आला. तिने मला आयुष्यात कधी फोन केला नव्हता. नंबर शेजारच्या पोरीकडून लावून घेतला होता आणि वाडीतून हाका माराव्यात तशी ओरडत होती.

"नंदू, तू आयशीला घर नि वाडी विकायला सांगितलीस?"

"मी? नाही!"

"मग ती केळीचे मुनवे का वाटून टाकते? मला लावायला दहा दिले. मोठा टोप दिला, सुकेळी वाळवायची सुपं दिली. पिशवी भरून पलंगाखाली ठेवलीय. मी विचारलं तर म्हणते, नंदू भिडस्त हाय, तोंडावर बोलत नाय, सिरियलीतनं सांगितलं त्यानं."

समोर वकीलसाहेब काहीतरी विचारत होते. मला त्यांचे नुसते ओठ दिसत होते.

कारण आईचं चुकलं नव्हतं. आम्ही दोघं वर्षानुवर्षं असंच बोलत आलो होतो. ती गुडघा अक्काच्या नावावर सांगायची, मग मी माझा निरोप थोरल्याच्या नावावर पाठवला असं तिने समजावं, यात नवल काय? आणि आदल्या दिवाळीत, एका बिल्डरचा माणूस वाडी बघून गेल्याचं तिने सांगितलं तेव्हा, फराळाचं ताट हातात घेऊन मी म्हणालो होतो, "विचार करायला हरकत नाही." म्हणालो आणि चकली खाल्ली.

आणखी एक गोष्ट. ही मी सुजातालाही सांगितलेली नाही. त्या दिवशी त्या मताखाली दुसरी मतंही होती. 'अक्का, जाऊ नका.' 'ज्या घरात माणूस सून म्हणून आलं, त्या घराला हट्ट म्हणतात का?' मी ती वाचली होती. तरी निवडलं ते पहिलंच. अंगठे जास्त होते म्हणून, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. अंगठ्यांचा त्यात काही संबंध नव्हता. मला जे स्वतःच्या तोंडाने बोलायचं धैर्य नव्हतं, ते एका परक्या माणसाने लिहून ठेवलेलं मिळालं होतं.

त्याच संध्याकाळी ऑफिसातून लवकर सुटून स्कूटर काढली. वाटेत एकच धास्ती, की तिने त्या माणसाला होकार कळवला असेल. आगाशीच्या बाजारात नेहमीसारखी गर्दी, बस आडवी घातलेली, आणि मी हॉर्न वाजवत सुटलेला. कोणीतरी ओरडलं, "काय नंदू, आग लागली का?" मी थांबलो नाही.

सव्वासातला पोचलो. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठची केळीची ओळ विरळ झाली होती. बुंध्यालगतचे कोंब, ते मुनवे, काढल्याच्या जागी ओल्या मातीचे खड्डे. आई ओटीवर बसली होती. टीव्ही बंद.

"लावला नाहीस?" मी विचारलं.

"काय बघायचं? अक्का आता फ्लॅटात कपडे घड्या घालते. रोज तेच."

फिलूमावशी रोझरीची माळ हातातच घेऊन आली आणि पायरीवर बसली, साक्षीला बसावं तशी.

"तू त्या माणसाला काही सांगितलंस?" मी विचारलं.

"नाय अजून. तुझी वाट बघत होते. म्हटलं, दिवस तू ठरव. मी तयार हाय." आणि मग, जणू मलाच धीर देत, "तुझा जीव टांगणीला नको."

माझंच वाक्य. म्हणजे माझंही नव्हे.

मी पायरीवर बसून सांगितलं. सगळं. की मी सिरियल बघतच नव्हतो. दुसऱ्या पर्वाचा एकही भाग नाही, मधल्या कुठल्याच सिरियलीचे नाहीत. लोकांची मतं वाचून सांगायचो. ते मतही कोणातरी अनोळखी माणसाचं होतं. मला वाटलं होतं ती हसेल, किंवा चिडेल. मी दोन्हीची तयारी करून आलो होतो.

आईने पदराने हात पुसले. हात कोरडेच होते.

"मग इतकी वर्षं मी कोणाशी बोलत होते?" तिने विचारलं.

  फिलूमावशीने माळ मुठीत गोळा केली आणि ती म्हणाली, "सिरियल लाव ग बाय. पोरगा बघू दे तरी एकदा, कशाला एवढं खोटं बोलला ते." आणि आम्ही तिघांनी अक्काला कपडे घड्या घालताना बघितलं. बावीस मिनिटं. आईने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

निघताना मी म्हणालो, "तू कुठेही जायचं नाहीस. हे माझं मत आहे. कोणाचं वाचलेलं नाही." ती म्हणाली, "बघू." पिशवी पलंगाखालीच होती.

तेव्हापासून मी साडेसातच्या आत घरी असतो. आईचा फोन परत येतो, पण पहिला शब्द बदललाय. आता ती परीक्षा घेते. "आज अक्काची साडी कसली होती?" "हिरवी. काठ लाल." "थोरल्यानं चहा पिला?" "नाही, तसाच ठेवून गेला." मागून फिलूमावशी, "विचार, विचार, कप कुठल्या हातात होता!" पन्नाशीला आलेला माणूस मी, आणि फोन वाजला की शाळेतल्यासारखा ताठ बसतो. सुजाता म्हणते, "हे काय नवीन?" मुलगी कोरियन बंद करून मला रिमोट देते आणि माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघते. मी भाग बघतो आणि मनात एकच, की लेखकांनी अक्काला त्या फ्लॅटात मारू नये. एकदा मीही प्रोमोखाली मत लिहिलं. 'अक्कांना घरी परत आणा.' एक अंगठा मिळाला. तो मुलीचा होता.

सोडून आलेलं घर म्हणजे काय, असं तुम्ही लोक दिवाळीच्या मेसेजमध्ये विचारता. कोणी मोगरा म्हणतं, कोणी विहिरीचं पाणी. माझ्यापुरतं ते ओटीवर बसलेलं एक माणूस आहे, ज्याला माझा शब्द खरा वाटतो आणि जे त्या शब्दावर पिशवी भरतं. ही गोष्ट सुखाची आहे असं मी म्हणणार नाही. 

परवा माणिकपूरला काम लांबलं. चौकात रिक्षा मिळेना. आठ वाजले आणि मी रस्त्यातच होतो. फोन वाजला. मतांचं पान एका बोटावर होतं. प्रोमोही येऊन पडला होता. उघडलं असतं तर साडीचा रंगसुद्धा मिळाला असता.

"आज दारात कोण आलं होतं अक्काच्या?" आईने विचारलं.

"बघितलं नाही, आई. माणिकपूरला अडकलोय. अजून रस्त्यातच आहे."

पलीकडे साबणाची जाहिरात. मी मोजत नव्हतो, पण लांबलीच.

"बरं," ती म्हणाली. "मग ऐक."

आणि तिने सांगायला सुरुवात केली. दारात कोण आलं, अक्का काय बोलली, मधली सून पडद्याआडून कशी बघत होती. फिलूमावशी मधूनमधून दुरुस्त्या करत होती. रिक्षा आली, गेली, मी चौकातच उभा. सगळं सांगून झाल्यावर आई थांबली आणि म्हणाली,

"पिशवीतली गोधडी काढली आज. पहाटेचं गार पडायला लागलंय वाडीत."