दुपारच्या पाळीच्या बाटल्या

खोक्यात मुंग्या होत्या. विदर्भातल्या एका स्टॉकिस्टने ते खोकं रेल्वे पार्सलने आमच्या मुंबईच्या ऑफिसात परत पाठवलं होतं. प्रधानसाहेबांच्या टेबलावर ते उघडलं तेव्हा आतल्या सगळ्या बाटल्या चिकट झाल्या होत्या, लेबलं सुटली होती आणि मुंग्यांची रांग टेलिफोनच्या वायरवरून खिडकीकडे निघाली होती.

"मिसेस कर्णिक," साहेब म्हणाले, "सिल्वासाला जाऊन या."

एवढंच. मी क्वालिटी अ‍ॅश्युरन्समध्ये होते आणि त्या उन्हाळ्यात सिल्वासाच्या माझ्या फेऱ्या आधीच खूप झाल्या होत्या. पहाटेची गाडी, वापीला उतरायचं, तिथून शेअर जीपमध्ये कोंबून घ्यायचं आणि सिल्वासातल्या आमलीच्या नाक्यावर उतरून पुन्हा रिक्षा शोधायची. मी नाही म्हटलं नाही, कारण नाही म्हणण्यातही शक्ती लागते.

आमचा धंदा कसा चालायचा ते आधी सांगते. खोकल्याचं सिरप आमच्या कंपनीचं होतं. नाव आमचं, फॉर्म्युला आमचा. पण कारखाना आमचा नव्हता. सिल्वासात टॅक्सची सवलत होती म्हणून तिथे छोटे कारखाने उभे राहिले होते. त्यातल्या एकाशी आम्ही करार केला होता. त्यांनी बनवायचं, आम्ही विकायचं. याला लोन लायसन्स म्हणतात. कारखान्याचे मालक हसमुखभाई. बाटल्यांना झाकणं लावायला बायका होत्या, पण त्या त्यांच्या पगारी नव्हत्या. त्या लेबर काँट्रॅक्टरच्या. म्हणजे एका बाटलीवर तीन करार आणि काही बिघडलं की बोट दाखवायला तीन दिशा.

निघण्याआधी मी परत आलेल्या बाटल्यांचे बॅच नंबर पाहिले. आमच्या नंबरावरून ती बॅच दिवसातली पहिली की दुसरी ते कळायचं. पहिली सकाळच्या पाळीत भरायची, दुसरी दुपारच्या. गळलेल्या बाटल्या सगळ्या दुसऱ्या बॅचच्या निघाल्या. सकाळची एकही नव्हती.

हसमुखभाईंनी केबिनमध्ये बसवलं, थम्सअप मागवलं आणि माझ्या आधी तेच सांगितलं.

"साफ वात छे, बेन, सरळ गोष्ट आहे. दुपारच्या बायका ढक्कन ढिला लावतात. कामचोर आहेत. मी काँट्रॅक्टरला बोललो, ही टोळी काढून टाक. तुम्ही फक्त रिपोर्टमध्ये लिहा."

"काय लिहू?"

"हेच. ह्यूमन एरर."

मला ते पटण्यासारखं होतं, हे कबूल करायला हवं. आकडे तेच सांगत होते. आणि तसं लिहिलं असतं तर मी संध्याकाळच्या गाडीने घरी गेले असते. पण तपासणी म्हटली की निदान पाहून तरी लिहावं, एवढी सवय लागली होती. मी म्हटलं, "दुपारची पाळी बघते, मग लिहिते."

दुपारच्या पाळीत लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या होत्या. डोक्याला फडकी, हातात रबरी ग्लोव्हज. मशीन बाटली भरून पुढे ढकलायचं, त्या झाकण ठेवून हाताने पिळायच्या. पुढे लेबल, पुढे खोकं. टोळीची मुख्य होती लताबाई. शहाद्याकडची, खानदेशातली. नवरा जवळच्या खडोलीला दोऱ्याच्या कारखान्यात, आणि दोघं मुलांसह आमलीतल्या एका खोलीत राहायची. मी कशासाठी आले ते सगळ्यांना आधीच कळलं होतं. कारखान्यात अशी बातमी माणसाच्या आधी पोचते.

"मॅडम," ती हात न थांबवता म्हणाली, "आम्हाला काढणार म्हणतात. खरं शे का?"

"अजून काही ठरलं नाही."

"आम्ही ढिलं लावत नाही. तुम्हीच देखी ल्या. पण काढायचं असलं तर ढिलं लावतात म्हणून काढू नका. इथं एका गेटवरची गोष्ट दुसऱ्या गेटवर लगेच जाते. मग कोण घेईल आम्हाला?"

मी देखी घेतलं. झाकण किती घट्ट बसलंय ते मोजायला एक साधन असतं, टॉर्क मीटर. बाटली त्यावर अडकवायची, झाकण उघडायचं, किती जोर लागला ते काटा दाखवतो. लताबाईच्या टेबलावरून बाटल्या उचलून मी तिथल्या तिथे मोजत राहिले. सगळ्या नीट होत्या. काही तर सकाळच्यांपेक्षा घट्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बॅचची बंद खोकी उघडायला लावून पुन्हा मोजलं. बऱ्याच बाटल्यांची झाकणं दोन बोटांनी फिरत होती.

हसमुखभाई शेजारीच उभे होते. "बघा. मी काय म्हणत होतो?"

"पण काल लावली तेव्हा घट्ट होती."

"तुम्ही उभ्या होत्या ना, बेन. तुमच्यासमोर कोण ढिला लावेल? तुम्ही पाठ फिरवली की."

मी एक गोष्ट सुचवली. दोन दिवस पाळ्यांची अदलाबदल करा. सकाळच्या बायका दुपारी आणि दुपारच्या सकाळी. दोष हाताचा असेल तर गळती हाताबरोबर सकाळी जाईल.

हसमुखभाई खुशीने तयार झाले. त्यांना निकाल माहीतच होता. तयार नव्हत्या त्या सकाळच्या बायका. आजवर त्यांच्यावर काही आलं नव्हतं, आता आपणही अडकू असं त्यांना वाटत होतं. त्यांना समजावण्यात माझा एक अख्खा जेवणाचा वेळ गेला.

त्या दिवशी मी मुंबईला ट्रंक कॉल लावला. प्रधानसाहेब म्हणाले, "रिपोर्ट कुठाय? मार्केटिंगवाले डोक्यावर बसलेत. एक कारण लिहा आणि या."

"कारण अजून सापडलं नाही, सर."

"हसमुखभाईंना सापडलंय की."

लॉजवर पंखा होता, पण वीज नव्हती. मी सतरंजी ओढून गॅलरीत बसले आणि खरंच विचार केला, की लिहून टाकावं. मी काही त्या बायकांची युनियन नव्हते. माझी मुलगी घरी तापाने पडली होती. सासूबाई तिच्याजवळ होत्या, पण तेवढ्याने मन तिकडून निघत नाही. लिहिलं नाही, त्यामागे फार मोठं तत्त्व नव्हतं. घट्ट झाकण रात्रीतून ढिलं कसं होतं, हे मला कळत नव्हतं, आणि न कळलेल्या गोष्टीखाली सही करायचा मला कंटाळा येतो.

अदलाबदलीचा निकाल आला. लताबाईच्या टोळीने सकाळी लावलेलं एकही झाकण सैल झालं नाही. सकाळच्या बायकांनी दुपारी लावलेली मात्र सैल झाली.

हसमुखभाईंनी कागद उलटून पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे सकाळच्याही दुपारी कामचोर होतात. गरमी छे ने."

मला हसू आलं नाही. पण त्यांच्या एका शब्दाशी मी थांबले. गरमी तर होतीच. मे महिना, वर पत्रा. दुपारी मी पुन्हा टेबलाच्या टोकाशी उभी राहिले. घामाने ग्लोव्हज आतून ओले झाले होते म्हणून ते काढून ठेवले आणि मोजायला बाटली उचलली. इतके दिवस मी झाकणांकडे बघत होते आणि ग्लोव्हज घालून बाटल्या हाताळत होते. बाटली गरम होती. उन्हात राहिल्यावर लागते तशी नाही. आतून गरम.

मी लताबाईला विचारलं. ती त्या दिवशी पाळी संपवून गेटपाशी रिक्षाची वाट बघत होती.

"हो, दुपारी गरमच ऱ्हाते," ती म्हणाली. "आम्हाला वाटलं, दुपारचं औषध तसंच गरम भरायचं असेल."

मग बाकीचं उलगडायला वेळ लागला नाही. सिरप म्हणजे साखरेचा पाक. तो गरम करून करतात आणि गार करून बाटलीत भरतात. झाकणाच्या आत फोमची एक पातळ चकती असते, तिला वॉड म्हणतात. गळती तीच अडवते. गरम बाटलीवर झाकण पिळलं की ती चकती नरम पडून चपटी होते. बाटली गार झाली तरी ती परत फुगत नाही. मग झाकण आपोआप सैल. लावताना घट्ट, सकाळी सैल. त्यात बायकांचा हात कुठेच नाही.

सकाळची बॅच आदल्या संध्याकाळी केलेली असायची. रात्रभर टाकीत राहून गार व्हायची. टाकी एकच, ती रिकामी झाली की तिच्यातच दुसरी बॅच करायची आणि दुपारीच भरायची. टाकीभोवती गार पाणी फिरवायची सोय होती, पण बोअरचं पाणीच त्या दिवसांत कोमट. आणि आमच्या प्रोसेस शीटवर नुसतं लिहिलं होतं, 'गार करून भरावे.' किती गार, ते लिहिलं नव्हतं. ती शीट मुंबईला आमच्याच ऑफिसात तयार झाली होती. कारखान्याचा केमिस्ट रोज त्यासमोर बरोबरची खूण करायचा. तो खोटं करत नव्हता. उकळत्या पाकाच्या मानाने ते गारच होतं. औषधाला त्या उष्णतेने काही झालं नव्हतं, ते मी वेगळं तपासून घेतलं. नुसती झाकणं गेली होती.

हसमुखभाईंना मी केबिनचं दार लावून सांगितलं. ते भांडले नाहीत. खुर्चीत मागे टेकले.

"बेन, तुमच्या करारात काय आहे? रोज दोन बॅच. एक टाकी, रोज दोन बॅच. मी तुमच्या साहेबांना तेव्हाच बोललो होतो, दुसरी टाकी घ्यायला थोडा टाइम द्या. ते बोलले, टाइम नाही, सीझन आहे. मग मी काय करू? पाक फुंकून गार करू?"

"मग बायकांवर का ढकललंत?"

"बायका काँट्रॅक्टरच्या आहेत," ते म्हणाले. त्यांच्या लेखी ते पुरेसं उत्तर होतं.

मुंबईला मी रिपोर्ट साहेबांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"म्हणजे चूक आपली?"

"चूक करारात आहे, सर. एका टाकीत दोन बॅच गार होत नाहीत."

"करार मी केलाय."

साहेब वाईट नव्हते. दुपारी मे महिन्यात पत्र्याखाली ते कधी उभे राहिले नव्हते, एवढंच. रिपोर्ट माझ्याकडे सरकवत म्हणाले, "हाताळणीतला दोषही असू शकतो, असं एक वाक्य घालता येईल का? तेवढाच समतोल."

"नाही, सर. तो तपासलाय आणि तो नाही. तेच वाक्य रिपोर्टमध्ये आहे."

त्यांनी पेन उचललं, ठेवलं आणि पुन्हा उचलून सही केली.

करार बदलला. दुसरी टाकी बसेपर्यंत रोज एकच बॅच. गळती थांबली. आणि दुसरी बॅच नाही म्हणजे दुपारची पाळी नाही.

हे मला सही होतानाच कळायला हवं होतं. कळलं ते पुढच्या फेरीत, दुपारी टेबल रिकामं दिसलं तेव्हा. मी आमलीत लताबाईची खोली शोधत गेले. ती दारात तांदूळ निवडत होती. मी रिपोर्टमध्ये काय लिहिलं ते सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे आमची चूक नाही," ती म्हणाली.

"नाही."

"आणि काम पण नाही."

तिने सूप बाजूला ठेवून मला पाणी आणून दिलं. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"खडोलीला गोळ्यांच्या पॅकिंगचं काम शे," ती म्हणाली. "तिथला मॅनेजर म्हणे, तुम्ही त्या ढिल्या झाकणवाल्या ना? तुम्ही त्याला सांगशाल?"

मी त्याच दिवशी खडोलीला गेले. मॅनेजर दक्षिणेकडचा, बोलायला सरळ होता. मी म्हटलं, झाकणांची तपासणी मी केली आहे आणि या बायकांच्या हातात दोष नव्हता, हवं तर आमच्या ऑफिसला फोन करा. त्याने फोन केला. प्रधानसाहेबांनी माझ्या रिपोर्टमधलं ते वाक्य त्याला वाचून दाखवलं, हे मला नंतर कळलं. लताबाई आणि तिच्या टोळीतल्या काहीजणी तिथे लागल्या. सगळ्या नाहीत. दोघी-तिघी गावाकडे परत गेल्या, त्यांचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही.

दिवाळीच्या आसपास हसमुखभाईंची दुसरी टाकी बसली आणि दुपारची पाळी सुरू झाली. काँट्रॅक्टरने नव्या बायका आणल्या. जुन्यांना कुणी विचारलं नाही. मी विचारलं तेव्हा हसमुखभाई म्हणाले, "त्यांना काम लागलंय ना आता? मग?"

पुढे निवृत्त होईपर्यंत मी पुष्कळ कारखाने तपासले आणि पुष्कळ करार वाचले. प्रत्येक करारात मी एक ओळ घालायला लावायची: भरण्याआधी तापमान मोजून आकडा लिहावा आणि खाली सही करावी. प्रधानसाहेब दर वेळी म्हणायचे, "एवढी साधी गोष्ट करारात कशाला?"

मी म्हणायची, "सर, अवघड गोष्टी सगळे लिहितात. राहते ती साधीच."