मेरेको शिक्षा होना

बाबा आणि त्यांचा दोस्त भंडाऱ्याकडच्या एकाच गावचे. भिलाईत कारखाना उभा राहत होता, तेव्हा दोघं बरोबरच कामाला आले. त्या दिवशी उंच लोखंडावर चढायची पाळी बाबांची होती. अंगात कणकण होती म्हणून त्यांनी दोस्ताला चढवलं. तो पडला, आणि गेला तो बाबांच्या पुढ्यातच.

तेव्हापासून कुठे पत्रा वाजला तरी बाबा डोकं धरून खाली बसत. भात नुसता चिवडून उठत. शेजारणीच्या सांगण्यावरून झाडफूक करणारा बैगा झाला, लिंबू झाले, काळा दोरा झाला. दुखणं रेड्याला अन् डाग पखालीला! शेवटी आईने मला त्यांच्याबरोबर दवाखान्यात धाडलं. बाबांना हिंदी जेमतेम यायची. मी दहा वर्षांची, हिंदी शाळेतली. दुभाषी म्हणून जायचं, तर केवढा तोरा मला!

डॉक्टर भले होते. "मन में जो है, कहिए. क्या चाहिए आपको?"

बाबांनी हात जोडले. मग म्हणाले, "साहब, मेरेको शिक्षा होना."

माझ्या शाळेत शिक्षा म्हणजे शिक्षण. घरी आई त्याच शब्दाने धाक घालायची, ते त्या क्षणी मला आठवलंच नाही. मी ऐटीत सांगितलं, "पढ़ना चाहते हैं." डॉक्टर खूश झाले. मन रमेल म्हणाले आणि त्यांनी प्रौढांच्या वर्गासाठी चिठ्ठी लिहून दिली.

"रोज वर्गात बसाले सांगितलं, बाबा."

बाबांनी ती चिठ्ठी कपाळाला लावली.

एक दिवस चुकले नाहीत. ड्यूटीवरून आले की पाटी काखेत मारून निघत. आम्ही मायलेकी हरखलो होतो. दिवाळी गेली, संक्रांत गेली. एकदा पाटी पुसता पुसता त्यांनी मला विचारलं, "बाई, अजून किती दिवसाची हाय माही शिक्षा?"

मला वाटलं, गंमत करताहेत. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि आईची धाकाची 'शिक्षा' आठवली.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना ओढत डॉक्टरांकडे नेलं आणि रडत माझी चूक सांगितली. डॉक्टरांनी दार लावलं, खुर्ची बाबांजवळ ओढली. बाबा पहिल्यांदाच सगळं बोलले. मी हिंदीत सांगत गेले, "मेरी बारी थी. मैंने उसे भेजा." ते शब्द माझ्या तोंडात मावत नव्हते.

डॉक्टर म्हणाले, हे वेड नाही, मनाला झालेली जखम आहे. दर आठवड्याला या, बोलत राहा. मग बाबांच्या हातावर हात ठेवून म्हणाले, "आपका कोई क़सूर नहीं था."

मी सांगितलं, "बाबा, डॉक्टरसाहेब म्हणते, तुमचा काई दोष नव्हता."

 बाबांनी हळूच विचारलं, "हे डॉक्टर म्हणून राहिले, का तूच म्हणून राहिली?"