विटांच्या पलीकडची पात

थोरलीच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबत नसे. गिऱ्हाईक पँट आखूड करायला आलं, की माप कुणी घेतलं होतं, घेणाऱ्याला डोळे होते की नुसती बटणं, हे सगळं ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसायची. पुढच्या खोलीत खिडकीखाली तिचं शिलाई मशीन होतं. तिथं बसून ती चेन बदलायची, कॉलर उलटायची आणि दिवसभर बोलायची. दोन जावांतली मोठी म्हणून घरात पडलेलं 'थोरली' हे नाव गल्लीनंही उचललं होतं. अशी ही बाई आपल्या सख्ख्या धाकट्या जावेशी मात्र कित्येक वर्षं एक अक्षर बोलली नव्हती. आणि खरं सांगायचं तर, मरण्याआधी तिच्याशी एकदा पोटभर बोलावं, एवढी एकच इच्छा तिच्या मनात उरली होती.

भांडण त्या दोघींचं नव्हतंच. त्यांच्या नवऱ्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकानाची पाटी नव्यानं रंगवायची निघाली, तेव्हा तिच्यावर कुणाचं नाव वर लिहायचं यावरून दोघं भाऊ हमरीतुमरीवर आले. दुसऱ्यांची घड्याळं जुळवून देणाऱ्या त्या दोन शहाण्यांचं आपापसांत काही जुळेना. दुकान मोडलं, घराचे दोन भाग झाले. पुढच्या रस्त्यावरचं दार थोरल्या भावाकडं आलं, मागच्या गल्लीतलं धाकट्याकडं गेलं. मधल्या अंगणात विटांची एक ओळ मांडली गेली. "तिकडं बोलायचं नाही," असं दोघांनी आपापल्या बायकोला बजावलं. बायकाही अशा, की इतर कुठलीच गोष्ट त्यांनी नवऱ्याची ऐकली नव्हती, ही मात्र ऐकली.

त्याच्याआधी दोघींचं मेतकूट असं जमलं होतं की बघणाऱ्याला त्या बहिणी वाटाव्यात. एकदा दोघी मिळून रोपवाटिकेत गुलाब आणायला गेल्या आणि चाइव्ह्जची कुंडी घेऊन आल्या. कांद्याचीच जात, पण पात सुईइतकी बारीक. आमलेटवर नाहीतर उकडलेल्या बटाट्यावर कातरून घातली की छान लागते. थोरलीनं तिचं नाव ठेवलं सुईपात.

"कांद्याची धाकटी जाऊ आहे ही," धाकटी म्हणाली होती, "म्हणून एवढी नाजूक."

"आणि डोळ्यांतून पाणी काढतो तो कांदा म्हणजे मी, असंच ना?"

दोघी हसून हसून बेजार झाल्या होत्या.

वाटणीच्या दिवशी भावांनी कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा मधोमध कापली. सुईपातीचा गड्डा नेमका विटांच्या ओळीत येत होता. धाकटी फावडं घेऊन आली, तिनं गड्डा उभा चिरला, अर्धा थोरलीच्या बाजूला ठेवला आणि मान खाली घालून निघून गेली. गंमत अशी, की दाट झालेला गड्डा दर दोन-तीन वर्षांनी फोडावाच लागतो, नाहीतर तो आतून सुकत जातो. दुकानाची वाटणी झाली आणि दुकानाचं मातेरं झालं. पात मात्र दोन्हीकडं जोमानं वाढली.

वाढली म्हणजे काय, डोक्यावर बसली. सुईपात कापून खाल्ली तर गरीब असते. तिला फुलू दिलं की ती कुणाच्या बापाला ऐकत नाही. जांभळे गोंडे येतात, दिसतात फार सुरेख, पण वाळले की त्यातून काळं बी सांडतं आणि पुढच्या वर्षी जिकडंतिकडं हिरवे केस उगवतात, फरशीच्या फटीतसुद्धा. म्हणून गोंडा तपकिरी व्हायच्या आत दांड्यासकट बुडातून कापायचा असतो. थोरली शिलाईची जुनी, बोथट कात्री घेऊन हे काम करायची. पहिल्या वर्षी तिच्याकडून चार गोंडे राहून गेले आणि पलीकडं, धाकटीच्या वाफ्यात रोपं उगवली. एका सकाळी थोरली बघते तर ती सगळी रोपं मुळासकट उपटून विटांवर ओळीनं मांडलेली. तुमचा पसारा तुम्ही आवरा, असा त्याचा सरळ अर्थ होता. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. पुढं धाकटीचं बी इकडं आलं, तेव्हा तिनंही तशीच रोपं मांडून फेड केली. हा रिवाजच पडून गेला.

मग थोरलीचा नवरा गेला. धाकटी आली, कोपऱ्यात बसली, रडली आणि न बोलता गेली. ज्यांनी बोलू नका म्हणून बजावलं होतं, त्यांच्यातला एक आता नव्हता आणि दुसरा भावाच्या नावानं हमसून रडत होता. आता अडत होतं कशावर? कशावरच नाही. पण थोरलीला वाटत होतं, दुःख माझ्या घरी झालंय, आधी तिनं तोंड उघडावं. धाकटीच्या मनात काय होतं देव जाणे. अशीच वर्षं गेली.

थोरली तेव्हापासून एक लबाडी करू लागली. विटांच्या कडेचे दोन-तीन गोंडे ती मुद्दाम कापायची नाही. बी पडायचं, पलीकडं रोपं यायची आणि मग एका सकाळी ती विटांवर दिसायची. माती झटकून, जुडी करून, हल्ली तर दोऱ्यानं बांधूनसुद्धा. त्या दिवशी थोरलीच्या हातून दुप्पट काम व्हायचं. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई आज खुशीत आहेत. जुडी ती धुऊन घ्यायची आणि जेवणात घालायची. एकटीचं जेवण त्या दिवशी गोड लागायचं.

यंदा थंडी सरली, पलीकडं रोपं आली आणि तशीच राहिली. थोरली रोज सकाळी मागचं दार उघडून बघायची. विटा रिकाम्याच. रोपं वीतभर झाली, धाकटीच्या वाफ्यात दाटली, फुलावर आली, तरी कुणी हात लावेना. आधी थोरली घाबरली. आणि मग तिला वाटलं, अगं बाई, उपटत नाही म्हणजे राहू देतेय! माझी रोपं तिनं आपल्या वाफ्यात ठेवून घेतली! तिला इतका आनंद झाला की एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एकच पाय तिनं आखूड केला.

धाकटी अंगणात दिसत नव्हती, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. गुडघे धरले असतील, ती स्वतःला म्हणाली. कपडे भाऊजी वाळत घालत होते, तेही उलटेसुलटे. बरं झालं, म्हातारपणी का होईना, नवऱ्याला कामाला लावलं. पलीकडच्या खिडकीचा पडदा हल्ली दिवसभर बाजूला असायचा. काचेवर ऊन यायचं, त्यामुळं आतलं दिसत नसे, पण कुणीतरी बघतंय असं तिला वाटायचं. लाजतेय, थोरलीनं ठरवून टाकलं. रोपं ठेवून घेतली, आता एक हाक मारेल. एवढं एक पाऊल तिचं, मग पुढचं सगळं माझं. काय काय बोलायचं ते तिनं मशीनवर बसून मनात जुळवून ठेवलं.

एका दुपारी मागच्या दाराची कडी वाजली. थोरली हातातला कपडा टाकून धावली. दारात भाऊजी उभे होते. भाऊ गेल्यानंतर इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच विटा ओलांडून आले होते. त्यांची दाढी वाढलेली होती.

"वहिनी, ती गेली."

"कुठं गेली?" थोरलीनं विचारलं.

भाऊजींनी मान वळवून आपल्या खिडकीकडं बघितलं, तेव्हा तिला समजलं. तिनं दाराची चौकट धरली.

"थंडीतच डॉक्टरांनी हात टेकले होते," ते म्हणाले. "इस्पितळात नको म्हणाली, घरीच ठेवा."

"आणि मला सांगितलं नाहीत? चार विटांपलीकडं होते मी, भाऊजी!"

"तिनं शपथ घातली होती. म्हणाली, आजारी आहे म्हणून कीव करून यायला नकोत त्या. यायचं तर आपणहून येऊ देत." त्यांनी डोळे पुसले. "वाफा पार भरला होता. मी म्हटलं, उपटून टाकतो. तर धडपडत उठून बसली. म्हणाली, हात लावू नका. जाऊबाईंची रोपं आहेत. मी उपटून दिली नाहीत, की त्या येतील न्यायला. खिडकीशी खुर्ची ठेवायला लावली. बसवत नव्हतं, तरी बसायची. मी चहा घेऊन गेलो की विचारायची, दार उघडलं का हो त्यांचं?"

थोरलीनं रोज दार उघडलं होतं. उंबऱ्यात उभं राहून, रोपं बघून, मनातल्या मनात हसून ते परत लावून घेतलं होतं.

"मला वाटलं, ती हाक मारेल," ती म्हणाली. "मी हाकेची वाट बघत होते. एका हाकेवर आले असते हो मी."

"तिलाही म्हटलं मी, तूच हाक मार की," भाऊजी म्हणाले. "मारली होती तिनं. दोनदा. पण आवाजच उरला नव्हता तिला, वहिनी. खोलीच्या बाहेरसुद्धा ऐकू आला नाही."

थोरली तशीच अनवाणी अंगणात उतरली आणि पलीकडं गेली.