छकीच्या मापाचे फ्रॉक

धाकटीला सातवा महिना लागला होता आणि तिच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. दोन पोरं घेऊन ती सुट्टीत महिनाभर ताईकडे आली होती ती विश्रांतीला. पण ज्या घरात उठल्यासुटल्या जो तो विश्रांती घे म्हणून मागे लागतो, तिथे विश्रांती कसली मिळते? दोघी बहिणींची म्हातारी मावशी तिथेच राहायची, ती म्हणायची, "बसून राहू नकोस, चालत राहा." ताईची जाऊ म्हणायची, "पाय वर घेऊन पड बघू जरा." पडली की एक येऊन उठवायची, उठली की दुसरी येऊन निजवायची. त्यात तिचा तीन वर्षांचा मुलगा. खाली ठेवलं की भोकाड पसरायचा म्हणून सगळे त्याला गठुळं म्हणत, आणि ते गठुळं दिवसभर तिच्या कडेवर. शेवटी तिने कोणाचंच ऐकायचं सोडलं आणि ताईकडे धूळ खात पडलेल्या शिवणयंत्रापुढे ठाण मांडलं. तिथे तिला कोणी अक्कल शिकवत नसे, कारण शिवणातलं त्या घरात कोणाला ओ की ठो कळत नव्हतं.

शिवण हा तिचा धंदाच. बाजारातल्या एका गाळ्यात ती लहान मुलांचे कपडे शिवायची, आणि तिचा एक नियम होता. कपडा कोणाचा हे विचारायचं नाही, माप विचारायचं. कोणाचा म्हणून विचारलं की बायका स्टुलावर बसून सगळं घराणं सांगत सुटतात आणि काम तसंच पडून राहतं.

म्हणून ताईने निळं कापड पुढे ठेवून "शाळेचे तीन फ्रॉक शिवून दे, माप छकीचंच घे," म्हटल्यावर तिने नुसती मान हलवली. ताई शाळेत कारकून होती. असेल कोणा मुलीचं काम. छकी म्हणजे धाकटीची सहा वर्षांची लेक. एरवी टेप लावला की गुदगुल्यांनी वळवळायची, या वेळी मात्र खांबासारखी उभी राहिली. ताईचा धाक, दुसरं काय, असं धाकटीला वाटलं.

"वाढत्या अंगाचे शिव हं," ताई दारातून म्हणाली. "दोन वर्षं तरी जायला हवेत."

धाकटीने खाली चार बोटं कापड दुमडलं.

मग माणसं विचित्र वागायला लागली. शेजारीण जिन्यात भेटली आणि तिचा हात धरून म्हणाली, "मोठं मन हो तुमचं." फ्रॉक शिवण्यात मोठं मन कुठून आलं, ते धाकटीला कळेना. ताईचा नवरा, जो एरवी पेपरातून तोंड बाहेर काढत नाही, तो छकीला रोज शाळेच्या रस्त्याने फिरवून आणायला लागला. धाकटीने विचारलं तर म्हणाला, "सवय नको का व्हायला?" कसली सवय हे विचारेपर्यंत तो पेपरात शिरला होता.

तिसऱ्या फ्रॉकाला ती काजं करत होती, तेव्हा मावशी शेजारी येऊन बसली आणि पदराने डोळे टिपायला लागली. "तू शिवायला घेतलेस ना, तेव्हाच मी म्हटलं, आईच्या मनाची तयारी झाली. पोटची पोर दुसऱ्याकडे ठेवायची म्हणजे काय खायचं काम आहे?"

धाकटीच्या हातातली सुई थांबली. तिने "कोण ठेवतंय?" असं विचारलं नाही. ती उठली, गच्चीत गेली आणि नवऱ्याला फोन लावला.

"आता मला काय विचारतेस?" तो म्हणाला. "तूच ताईंना बोललीस ना. मी म्हटलं, बहिणीबहिणींचं ठरलंय, आपण कशाला मध्ये पडा."

"मी? कधी?"

"अगं, उलट्या होत होत्या तेव्हा. फोनवर. मी बादली धरून शेजारीच उभा होतो."

आणि तिला आठवलं. म्हणाली होती खरी. ने गं बाई, छकीला तरी ने तू, माझे हात दोनच आहेत. थकलेलं माणूस काय वाटेल ते बोलतं. पण ताईला मूल नव्हतं, आणि तिने ते बोलणं जपून ठेवलं होतं.

खरं सांगायचं तर आधी धाकटीला हायसं वाटलं. तीन पोरं, गाळा, महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी असणारा नवरा. एक पोर कमी झालं तर? मग त्या हायसं वाटण्याचीच तिला इतकी लाज वाटली की ती तिथेच वाळत घातलेल्या चादरीआड बसून रडली. आपल्याला नक्की काय हवंय हेच तिला समजेना. दोन दिवस ती तोंडाला कुलूप लावून फिरली, आणि घरातल्यांनी त्याचाही अर्थ होकारच लावला.

तिसऱ्या दिवशी सकाळी फ्रॉक घालून बघायला तिने छकीला बोलावलं. ताई पलीकडे दुसऱ्या फ्रॉकाला इस्त्री करत होती. धाकटी मागची बटणं लावत असताना छकी हळूच म्हणाली, "आई, बाळ चालायला लागलं की मी परत येऊ ना? तेव्हा तुला दोन हात पुरतील."

धाकटीने लावलेली बटणं एकेक करून काढली. तिचा सगळा गोंधळ तिथेच संपला.

"ताई," ती म्हणाली, "मी तेव्हा थकून बोलले गं. छकी माझ्याबरोबर येणार."

ताईने इस्त्री उभी केली आणि प्लग काढला.

"तू एकदा तरी विचारायचंस मला," धाकटी म्हणाली.

"मुद्दामच नाही विचारलं," ताई म्हणाली. "विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

महिनाभर न रडलेली छकी तेव्हा एकदम हुंदके देऊन रडायला लागली. ताई धावत तिच्यापर्यंत गेली, हात पुढे केले, आणि मग तिने ते मागे घेतले. धाकटीला वाट द्यायला ती बाजूला झाली.