हळदीआधीचा रंग

पनवेलच्या लाईन आळीत उदयशेठांचं साड्यांचं दुकान होतं आणि त्या दुकानाचे डोळे म्हणजे दिनानाथ. शेठ गादीवर बसत, देवाला उदबत्ती लावत, गिऱ्हाइकांना चहा मागवत. पण यंदाच्या लग्नसराईत कुठला रंग चालणार हे दिनानाथला विचारल्याशिवाय सुरतेला ऑर्डर जात नसे. एकोणीसशे नव्वदच्या आगेमागेचे ते दिवस. आसपासच्या गावांत जमिनींचे पैसे आले होते आणि आगरी घरांतून एक नवी टूम निघाली होती: हळदीला भावकीतल्या सगळ्या बायांनी एकसारख्या साड्या नेसायच्या. एका घरची हळद म्हणजे एकाच रंगाच्या तीस-चाळीस साड्या. रंग अचूक हेरला तर दुकानाची दिवाळी, चुकला तर ते गठ्ठे वर्षभर उरावर.

शेठचा भरवसा सिनेमावर. एकदा त्यांनी कुठल्याशा नटीने बर्फात नाचताना नेसलेली पांढरी शिफॉन मागवली. पांढरी! ऐन लग्नसराईत! त्यातली एक साडी एका शाळेच्या बाईंनी नेली, बाकीच्यांचं काय झालं ते शेठ कुणाला सांगत नसत.

दिनानाथचा रस्ता वेगळा. तुळशीचं लग्न लागलं की तो सायकल काढायचा आणि गावोगावच्या हळदींना हजर व्हायचा. बोलावणं असो-नसो. मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहायचा आणि साड्या बघायचा. बायका बघत नव्हता, हे कुणालाही शपथेवर सांगता आलं असतं. त्याची नजर पदरावरून काठावर आणि काठावरून निऱ्यांवर जायची, तिथेच थांबायची. त्याची बायको कुमुद म्हणे, "दुसऱ्याच्या हळदीत एवढं जेवणारा माणूस मी पाहिला नाही. घरच्या आमटीला कधी असं बोटं चाटून जेवलात का?"

त्याची गुरू बेलपाड्याची कृष्णाबाई. ती धवलारीण, म्हणजे धवले गाऊन लग्नाचे विधी पार पाडणारी बाई. भटजी नंतर, आधी कृष्णाबाई. कुठल्याही घरचा साडीचा रंग तिच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय पक्का होत नसे. नमुन्याची साडी आली की ती पदराच्या आतल्या बाजूला चिमूटभर ओली हळद लावायची आणि उन्हात टाकायची.

"रंग डोल्यांनी नाय बघायचा रं दिना," ती म्हणायची, "हलदीनं बघायचा. हलद लागली का रंग हसला पायजे. रुसला तं ती साडी परत दे."

दिनानाथने हे इतकं मनावर घेतलं, की दुकानात गल्ल्याशेजारी तो हळदीची पुडी ठेवू लागला. सुरतेचा एजंट नमुन्याचे तुकडे पसरायचा आणि हा त्यांना हळद फासायचा. एजंट कपाळाला हात लावायचा.

आणखी एक गोष्ट त्याला कळली होती, जी शेठला जन्मात कळली नसती. एका गावाने नेसलेला रंग दुसरं गाव नेसत नाही. "त्यांनी नेसला तो आमी नेसायचा?" असं म्हणून बाया नाक मुरडायच्या. पण त्यांचं मन त्या रंगावरून उठलेलं नसायचं. बेलपाड्यात डाळिंबी गाजला की तळोज्याकडच्या गावांना राणी रंग हवा, म्हणजे शेजारचाच, पण वरचढ. म्हणून दिनानाथ हळद बघून यायचा आणि शेठला त्या रंगाच्या शेजारचा रंग सांगायचा. चार हंगाम हे उत्तम चाललं.

पाचव्या हंगामात शेठला घाई झाली. समोर नवं दुकान उघडलं होतं आणि त्यांचाही माणूस हळदींना जाऊ लागला होता. शेठ म्हणाले, "हळद झाल्यावर तर आंधळ्यालाही दिसतं. मला हळदीच्या आधी कळलं पाहिजे. तुझी नजर एवढी मोठी, मग आधी का नाही दिसत?"

हे दिनानाथला झोंबलं. दोनच दिवसांनी तो बेलपाड्याला गेला तेव्हा कृष्णाबाईच्या अंगणात दोरीवर एक मोरपंखी साडी वाळत होती, पदराला हळदीचा डाग. डाग नुसता चमकत होता. शेजारच्या भामाच्या मुलीचं, संजनाचं लग्न ठरलं होतं आणि भामाने कल्याणहून हा नमुना आणला होता. दिनानाथ पाणी प्याला, गप्पा मारल्या, आणि परत येऊन शेठला एकच शब्द सांगितला, "मोरपंखी."

आठवड्याभरात दुकानाच्या काचेत मोरपंखीचा पूर लोटला. दिनानाथ खुशीत होता. आपण काय केलं हे त्याला संजनाच्या हळदीपर्यंत कळलंच नाही.

त्या संध्याकाळी भामाच्या दारात सगळी भावकी मोरपंखी नेसून उभी होती. नवऱ्या मुलाकडच्या बायका उष्टी हळद घेऊन वाजतगाजत आल्या, आणि मांडवाच्या तोंडाशीच थबकल्या. त्यांच्याही अंगावर मोरपंखी. तोच काठ, तीच बुट्टी. बेंजोवाला वाजवायचा थांबला. कोण घरची, कोण पाहुणी, काही कळेना. एक पोर तर भलत्याच बाईचा पदर धरून रडू लागलं. कुणीतरी हसलं, मग पुष्कळ जण हसले.

"तुमी कुठशी घेतल्या?" भामाने विचारलं.

"पनवेलशी. उदयशेठकरं काचेत लावल्यान की."

सगळ्यांच्या माना दिनानाथकडे वळल्या. त्याच्या हातात जेवणाची पत्रावळ होती. भामा घरात गेली आणि चुलीपाशी पाठ करून बसली. लेकीच्या हळदीत आईने चुलीपाशी बसून राहावं, हे दिनानाथला बघवेना. त्याने पत्रावळ ठेवली आणि सायकल घेऊन निघाला. त्यानंतर वर्षभर तो बेलपाड्याच्या वाटेला गेला नाही.

पुढच्या वर्षी पौषात कृष्णाबाईचाच निरोप आला. तो भीतभीत गेला. तिने त्याला ओसरीवर बसवलं, आतून एक साडी आणली आणि त्याच्या पुढ्यात उलगडली. पिकल्या जांभळाच्या गराचा रंग. पदराला हळद लागली होती आणि असा हसरा रंग दिनानाथने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

"भामाच्या नीलेशचा लगीन हाय माघात," कृष्णाबाई म्हणाली. "यो त्यांचा रंग. भामाला ठाव नाय मी तुला दावलाय ते. आता शेठला सांग, नायतर नको सांगू."

"मावशी, मला कशाला दाखवलंत?" दिनानाथ काकुळतीला आला. "न बघताच बरा होतो."

"न बघता गप तं कोनीपन ऱ्हातं," ती म्हणाली आणि साडीची घडी घालू लागली.

आता दिनानाथचं काय झालं असेल ते ज्याने कधी बाजारात नाव कमावलं आहे त्यालाच कळेल. असा रंग हंगामात एकदाच सापडतो. शेठ रोज सकाळी विचारत, "काय रे, रंग?" आणि हा म्हणे, "अजून दिसला नाही." समोरच्या दुकानाने राणी रंग लावला, गर्दी तिकडे वळली. बाजारात बोलू लागले की दिनानाथची नजर गेली. शेवटी शेठ चिडले. "डोळे नसतील तर साड्यांपाशी उभा कशाला राहतोस?" म्हणाले आणि त्यांनी त्याला चादरी-टॉवेलांकडे पाठवलं.

चादरी-टॉवेल! ज्याच्या शब्दावर सुरतेच्या गाठी सुटायच्या, तो माणूस उशीचे अभ्रे मोजू लागला. एक शब्द बोलला असता तर पुन्हा साड्यांपाशी जाता आलं असतं. तो शब्द दिवसातून दहादा ओठांवर यायचा आणि दहादा त्याला चुलीपाशी पाठ करून बसलेली भामा दिसायची. घरी कुमुदने विचारलं, "तुम्हाला खरंच रंग दिसत नाही का हो?" तेव्हा तो तिच्यावर उगीचच खेकसला आणि मग रात्रीची भांडी त्याने घासली. पुढे वैशाखात शेठनेच त्याला हाताला धरून परत साड्यांपाशी आणलं, पण तो भाग वेगळा.

नीलेशच्या हळदीच्या सकाळी भामा त्याच्या घरी आली. दिनानाथ दारातच गडबडला. भामा ओट्यावर बसली आणि पदराने घाम पुसत म्हणाली, "सगला पनवेल फिरून आली. एका पन काचेत आमचा रंग नाय. काल कृष्णाबाय बोलली, तुला कवाशी ठाव हाय म्हनून. दिनाभाव, तुला चादरींवर बसवला, तरी नाय बोललास?"

भामाने पिशवीतून एक पुडकं काढलं आणि कुमुदच्या हातात दिलं. "ही तुजी. भावकीची हाय, घरात नको ठेवू. नेसून संध्याकाली ये. नवऱ्याच्या मामीबिगर हलद व्हत नाय."

कुमुदने घडी उलगडली. जांभळाचा गर. तिचं नि दिनानाथचं लग्न अलिबागला रजिस्टरने झालं होतं, दोन्ही घरांचा विरोध पत्करून. कुणी आलं नव्हतं, आणि तिच्या अंगाला हळद कधी लागलीच नव्हती. कुमुदने साडी छातीशी घट्ट धरली.

संध्याकाळी दुकान बंद करून दिनानाथ बेलपाड्याला पोचला तेव्हा भामाकडच्या बाया उष्टी हळद घेऊन नवरीच्या घरी निघायच्या बेतात होत्या. अंगणभर एकच रंग आणि त्यावर हळदीचे हसरे फराटे. बेंजो वाजत होता, कृष्णाबाई ओट्यावरून धवले म्हणत होती. दिनानाथ एकेक पदर, एकेक काठ, एकेक निरी न्याहाळत गेला. बाजारातल्या कुठल्याही साडीची जात लांबून सांगणाऱ्या त्या माणसाला त्या घोळक्यात आपली बायको सापडेना. त्याने दोनदा सगळ्या बायांवरून नजर फिरवली. मग भामाशेजारची, हळदीने दोन्ही गाल माखलेली, मोठमोठ्याने हसणारी ती बाई कुमुद आहे, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि आपल्या बायकोला आता एवढ्या बहिणी झाल्या म्हणून दिनानाथ सगळ्यांच्या देखत रडला.