उजवं बटण
परवा कपाट आवरताना जुना माऊस सापडला, उजवं बटण झिजून गुळगुळीत झालेलं, डावं अगदी नव्यासारखं, आणि माझ्या नाकात करपलेल्या बांगड्यांचा वास आला. मुलुंडच्या घरी एका रविवारी मी कॉम्प्युटरवर नवीन सिस्टीम टाकून फोटो, आईने टाईप केलेल्या सोसायटीच्या नोटिसा, अगदी पडद्यावरचं गावच्या घराचं चित्रसुद्धा जिथल्या तिथे आणून ठेवलं होतं. बाबा ऐटीत तपासायला बसले आणि ओरडले, "वाट लावलीस गं! एकही फाईल उघडत नाहीये." पाहते तर ते उजवं बटण दाबत होते. "बाबा, डावं दाबा ना!" "आपल्याकडे उजवंच दाबतात," ते ठामपणे म्हणाले. डाव्या हातात उलथनं घेऊन आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, मी डावखुरी म्हणून बटणं उलटी केली होतीत ना? तुम्ही बसताना परत सरळ करत नव्हतात?" "रोज कोण सरळ करणार? मीच उलटं शिकलो," बाबा पुटपुटले. आई इतकी हसली की तव्यावरचे बांगडे करपले. मी माऊसची तेवढी एक राहिलेली सेटिंग बदलून बटणं पुन्हा उलटी केली. आजही आमच्या कॉम्प्युटरवर बसणारा प्रत्येक पाहुणा आधी चुकतो, आणि बाबा त्याला मोठ्या कौतुकाने आपल्या घरची पद्धत शिकवतात.