पोपटाचं उष्टं
सीताफळ फोडलं की त्या गोड वासानं आजही मला ते दिवस आठवतात. आमचा मुलगा अडीच वर्षांचा झाला तरी एक शब्द बोलत नव्हता. पाटोद्याच्या बाजारात मी सीताफळं विकायला बसायचे आणि तो माझ्या शेजारी गोणपाटावर. त्याच्या पाठीमागं मी मुद्दाम तराजूचं वजन आपटायचे. तो वळून रागानं बघायचा, म्हणजे ऐकू तर येत होतं. मग बाजूची फळवाली खाला म्हणाली, "पोपटाचं उष्टं चार त्याला, लई बोलंल बघ." त्या दिवसापासून पोपटांनी टोचलेली सीताफळं मी वेगळी ठेवायला लागले. एकेक बी काढून गर भरवायचे आणि त्याच्या ओठांकडं बघत राहायचे. पंधरा दिवस काहीच नाही. एका दुपारी त्यानं माझा हात जोरात ढकलला, गर मातीत पडला, आणि तो ठणकावून म्हणाला, "न्हाई!" भर बाजारात मला रडू फुटलं, आणि ते पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून मी लगेच दुसरा घास पुढं केला. आता तो पुण्यात नोकरीला आहे. फोनवर आवाज पडलेला वाटला म्हणून "काई झालंय का रे?" विचारलं, की "न्हाई" म्हणतो आणि गप्प होतो. मी फोन कानाला लावून तशीच बसून राहते, पुढच्या शब्दाची वाट बघत.